पिल्लाची अंघोळ

मनस्विनीच्या हातातल्या व्हिडिओ गेमच्या पडद्यावर कार्टूनमधलं हत्तीचं पिल्लू कानापर्यंत चिखलानं माखलं होतं आणि कोपऱ्यातली नळाची खूण सारखी लुकलुकत होती. पिल्लू शिंकू लागलं, तशी पोरगी रडवेली झाली.

"अगं, अंघोळ घाल ना त्याला," वैदेही म्हणाली.

"आज कुठं पाण्याचा दिवस आहे? आठवडाभर पुरवायचंय."

"गेममधलं पाणी संपत नाही गं, राणी."

"न संपणारं पाणी असतं का कुठं? काहीतरीच तुझं, आई!"

वैदेहीनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. शंतनू पाण्याच्या ड्रमवर झाकण ठेवत होता. इथल्या पाणीटंचाईला कंटाळून पुण्याला बदली मागू, असं तो दिवाळीपासून म्हणत होता. याच शहरातलं, शहागंजातलं माहेर सोडवत नाही, म्हणून ती टाळत होती.

"शंतनू," ती म्हणाली, "उद्याच बदलीचा अर्ज दे."