दांडगे तेवढे उरले

“माझ्या अंगात जंतू टिकतच नाय!” पेणच्या गणपती कारखान्यात विठूने पिकलेलं बोट नाचवत सांगितलं. डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, “गोळ्या पूर्ण संपव. मधेच सोडशील तर लेचेपेचे जंतू मरतील, दांडगे उरतील, आणि पुढची पिलावळ त्यांचीच.”

गोळ्यांनी विठूचं पोट बिघडलं. तो संडासला पळाला की जोडीचा कारागीर सुजय लगेच ब्रश घेऊन रोह्याला जायच्या मोठ्या गणपतीसमोर बसायचा. विठूच्या मानाची डोळ्यांची आखणी काय आता सुजय करणार? विठूने उरलेल्या गोळ्या नाल्यात फेकल्या.

आठवड्यात बोट वांग्याएवढं झालं. “त्या गोळ्यांना तुझे जंतू आता भीक घालत नाहीत,” म्हणत डॉक्टरांनी त्याला सलाईन लावलं.

“तो सुजय बसला असंल बघा गणपतीसमोर,” विठू कण्हला.

“कुठला बसतोय! तुझ्याच फडक्याला हात पुसले ना मी,” शेजारच्या खाटेवरून सुजय ओरडला.

विठूने मान वळवून त्याचं बोट बघितलं. आपल्यापेक्षा जरा लहानच होतं. त्याला बरं वाटलं.

आखणी शेवटी मालकांनी केली. गणपतीचा एक डोळा पेणकडे बघतो, दुसरा रोह्याकडे.