शेगडीचं बटण

घराबाहेर पडताना गॅस बंद आहे ना, या शंकेने मधुवंती शेगडीचं बटण सात वेळा फिरवून बघायची. डोळ्यांना दिसायचं, पण मनाला पटायचं नाही. गंधारने, तिच्या दिराने, तिचा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला: "वहिनीची आरती सुरू!" सगळे हसले. नवरासुद्धा.

सावेडीतल्या डॉक्टरांनी मात्र समजावलं होतं, "शंका येईल, येऊ द्या. परत फिरू नका. ती आपोआप ओसरते."

आज ती एकदाच बघून जिना उतरली. स्कूटरपाशी पोचली, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या तिच्या स्वयंपाकघरातून बटणाचा आवाज आला. खट. मग पुन्हा खट. तिने मोजले. सात झाले, तरी थांबेनात.

"गंधारभाऊजी, पुरे झाली चेष्टा!"

गंधार खिडकीत आला. दोन्ही हातांनी त्याने गज घट्ट धरले होते.

"वहिनी, मी नाही गं! ते आपोआप फिरतंय. दारही उघडत नाहीये. वर ये ना!"

त्याच्या पाठीमागे पुन्हा खट वाजलं. गॅसचा वास खाली आला.

मधुवंतीने एक पाय पायरीवर ठेवला. मग सावकाश मागे घेतला.

"भाऊजी," ती म्हणाली, "मला परत फिरायला मनाई आहे."