नियमानं बाद

या मायबाप, जरा पुढं सरकून बसा, एक लहानशी कथा सांगतो.

मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या शिक्षकांच्या पुरस्काराचा प्रस्ताव घेऊन सुलेखाबाई शिक्षणसंस्थेच्या कचेरीत आल्या. निवृत्तीआधी नावावरचा डाग पुसला जावा, एवढीच आस होती. खिडकीमागं बसलेल्या कारकुनानं, आकाशनं, फाईल चाळली.

"बाई, तुमची खात्याची चौकशी अठरा वर्षं झाली, चालूच हाय. नियमानं बाद करावं लागतंय."

"कर की मग. आन् शिक्का तरी सरळ मार, तुझं अक्षरबी तिरकंच होतं."

त्यानं शिक्का मारला.



बाईंवर आरोप एकच होता: वीटभट्टीवरच्या एका पोराला जन्मदाखला नसताना पहिलीत बसवलं. ते पोर म्हणजे आकाश.

मायबाप, कीर्तनात हरिनाम घ्याल, तेव्हा आमच्या बाईंनाही आठवा.