बुटका हत्ती

अंगदनं सोल्डरगन सोंडेला टेकवली, आणि सोंड चिकटायची सोडून हत्तीचं अर्धं डोकंच वितळून टेबलावर उतरलं.

"अरे देवा!" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

वीस वर्षं फाउंड्रीत साचे बनवणारा माणूस हा! आणि निघाला कथलाच्या हत्तीला कथलाचाच डाग देऊन सोंड जोडायला. ज्या आचेवर डाग वितळतो, त्या आचेवर हत्ती तरी कसा टिकेल? पण घाबरल्यावर अक्कल गहाण पडते, तशी त्याची पडली होती.

बरं, हत्ती स्वतःचा असता तर गोष्ट वेगळी. हा अमनचा होता. अमनचं जुन्या जालन्यात भांड्यांचं दुकान. दर रविवारी दुकानाच्या माडीवर दोघं लढाईचा खेळ मांडायचे. बोटाएवढे कथलाचे स्वार, तोफा, फासे, मोजपट्टी, आणि प्रत्येकाच्या फौजेत सेनापतीचा एकच हत्ती. हे संच बनवणारी कंपनी बंद पडून बारा वर्षं झाली होती. एखादी मूर्ती गेली की ती कायमचीच गेली.

त्यात हा हत्ती अमनला त्याच्या आजोबांनी, भंवरलालजींनी, दिलेला. म्हातारबांना दिसेल त्या वस्तूवर नाव घालायची हौस. दुकानात ताटवाट्यांवर नावं घालायचं मशीन होतंच. हत्तीच्या तळालाही त्यांनी नातवाचं नाव घातलं होतं. आजोबा गेल्यावर अमन ते येईल त्याला कौतुकानं सांगायचा. अंगदनं नुसता रंग द्यायला हत्ती घरी आणला, हातात सोंड मोडली, आणि आता हे होऊन बसलं.

"तुमच्या हत्तीवरून साचा घ्या आन् नवा ओता," बायको, दैवशाला, म्हणाली. "तुम्हाला काय अवघड हाय?"

"नक्कल? मी करू?"

अंगदचा कायदा सगळ्या घराला पाठ होता: नक्कल म्हणजे चोरी. कुणीतरी डोळे फोडून मूर्ती घडवली. कंपनी बंद पडली म्हणून चोरी काही चोरी व्हायची राहत नाही. अमन वाद घालायचा, "यार, विकत भेटत न्हाई, आपल्याला विकायची न्हाई. कुणाचं काय बिघडतं?" अंगदचं उत्तर ठरलेलं: "पटावर नक्कल आली की मी उठलो."

आणि तो खरंच उठला होता. आठ वर्षांपूर्वी कुंभार पिंपळगावहून जालन्याला बिऱ्हाड हलवताना टेम्पोतून त्याचाच हत्ती हरवला. अमन म्हणाला, माझ्या हत्तीवरून एक ओतून घे. अंगदनं ऐकलं नाही, तीन रविवार माडीवर फिरकलासुद्धा नाही. चौथ्या रविवारी अमनच घरी हजर. हातात हत्ती. "हैदराबादला एका जुन्या दुकानात शेवटचा पडेल होता. घे." पटावर ओरखडे पडू नयेत म्हणून तळाला हिरवी मखमलही चिकटवून आणली होती. पुढं दोन्ही फौजांना तशीच मखमल लागली. त्या दिवशी अंगदला रडू आवरलं नव्हतं.

अशा मित्राला कोणत्या तोंडानं सांगायचं? शेवटी अंगदनं स्वतःचा कायदा खुंटीला टांगला.

चहाच्या डब्यात स्वतःचा हत्ती उभा करून त्यानं रबराचा साचा घेतला. आत टाल्कम पावडर फुंकली. गॅसवर पळीत कथील वितळवलं आणि तळाच्या बाजूनं ओतलं. पहिल्या हत्तीला कान नव्हता. दुसऱ्याच्या पाठीला बुडबुडा. तिसरा झकास उतरला. अंगदनं तळाचा जास्तीचा तुकडा कापला, कानशीनं घासला. तळाकडूनच ओतायचं असतं, त्यामुळं तळावरचं अक्षर नकलेत कधी येत नाही. म्हणजे आजोबांनी घातलेलं नाव आता हातानं कोरणं आलं.

अक्षराचं वळण बघायला म्हणून त्यानं अमनच्या वितळलेल्या हत्तीची मखमल सोलली. नाव नव्हतंच! नुसत्या कानशीच्या रेघा, आत्ता स्वतः घासल्या तशाच.

नक्कल! तरीच हा हत्ती केसभर बुटका दिसायचा. ओतलेला धातू निवताना आकसतो. "तुझा हत्ती उपाशी हाय का रे?" म्हणून तो चिडवायचा, आणि अमन हसून म्हणायचा, "डाएटवर हाय."

रविवारी तो तणतणतच माडी चढला. वितळलेला हत्ती त्यानं पटावर ठेवला.

"माझ्या हातून मोडला. माफी मागायला आल्तो. पण आधी तू सांग, हा खरा व्हता?"

अमननं हत्तीकडं पाहिलं. "न्हाई."

"इतकी वर्षं मला नकलेसंगं खेळवलं? वर आजोबाचं नाव सांगून?"

"बस ना आधी. पाणी पी."

"न्हाई बसत! खरा कुठंय? विकला?"

"विकीन का मी? चांगल्या घरी हाय."

"कुणाच्या?"

अमन फासे गोळा करत राहिला. अंगदचा संताप डोक्यात गेला. त्यानं खिशातून स्वतःचा हत्ती काढला. "हा बघ, खरा असा असतो! ह्याच्या तळाला कंपनीचा शिक्का असतो, कानशीच्या रेघा नसतात. दाखवतो थांब." त्यानं मखमलीखाली नख घातलं.

अमननं त्याचं मनगट धरलं. "अंगद, मखमल राहू दे यार."

तोवर ती निघाली होती. शिक्का होता. आणि त्याच्याखाली, ताटवाट्यांवर असतात तशा ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत लिहिलं होतं: चि. अमन यास, दादाजींकडून.