मोटरचं बटण

गच्चीवरची टाकी भरून वाहत होती आणि आत्या पदर खोचून जिन्यात उभी होती.

"अगं शलाका, तुझ्या त्या ॲपमधून मी मोटर बंद केली होती!"

शलाकाचा चेहरा पडला. मोबाइलवरून पाण्याची मोटर चालवायचं ते ॲप उद्या गिऱ्हाइकाच्या हाती जाणार होतं. त्यातलं उभं बटण तिनं आठवडाभर खपून घडवलं होतं. कडा गोल, खाली हलकी सावली, आणि बोटानं वर सरकवलं की हिरवंगार.

"बंद कशी केलीस, दाखव बरं."

"बटण खाली होतं, म्हणजे मोटर चालू. म्हणून वर ढकललं. हिरवं झालं, म्हटलं झालं काम!"

शलाकाला हसू यायला लागलं. तेवढ्यात जिन्यातला दिवा लावायला तिचा हात भिंतीकडे गेला. बटण खाली दाबलं, दिवा लागला. ती बघतच राहिली. वर म्हणजे चालू, हे तिनं एका परदेशी नमुन्यावरून जसंच्या तसं उचललं होतं.

आधी मोटर बंद केली, मग लॅपटॉप आणून तिनं पायरीवरच बैठक मारली आणि बटणाची दिशा फिरवली. आत्यानं न मागता चहा आणून दिला.

संध्याकाळी ऑफिसातून सरांचा फोन आला. "अगं, बटण उलटं केलंस की!"

"सर, तुमच्या खोलीतला दिवा जरा बंद करून परत लावा ना."

फोनवर खट् असा आवाज आला. मग पुन्हा खट्.

"राहू दे तसंच," सर म्हणाले, तरी खटखट चालूच होती.