सातवा रकाना

"हरकत?" एमेटनं तिसऱ्यांदा विचारलं.

वाचनालयांच्या समितीची रीतच तशी. तीनदा विचारायचं, गप्प राहिला तो राजी. मिनियापोलिसच्या हॉटेलातली ती तळघराची खोली गप्प राहिली. एमेटनं तारखेचा जुना शिक्का टेबलावर ठोकला. अध्यक्षाची हातोडी म्हणून तोच वापरत.

"सुटलो! व्हर्ना, तू नसतीस तर या दोन कंपन्यांनी आज एकमेकांची डोकी फोडली असती."

"फोडली असती, पण ठरल्या क्रमानं," रुथवेन म्हणाला. वाचनालयांना संगणक पुरवणाऱ्या त्या दोनपैकी मोठ्या कंपनीचा माणूस. सगळे हसले.

फळ्यावर रकाने आखलेले होते. एका वाचनालयाच्या संगणकानं दुसऱ्याकडे पुस्तक मागताना एवढंच बोलायचं: कोण मागतंय, कुणाकडे, कोणतं पुस्तक, कोणत्या कार्डावर, किती दिवसांसाठी, मागितल्याची तारीख. यावर सगळ्यांचं एकमत होतं. भांडण सातव्यावरून. दोन्ही कंपन्यांना तिथं आपापलं काहीतरी घालायचं होतं. तोडगा काढला व्हर्ना टॉलेफसननं, एल्मर नावाच्या लहान गावच्या ग्रंथपालबाईनं. रकाना कोरा ठेवा. ज्याला जे हवं ते त्यानं घालावं. ज्या यंत्राला ते कळणार नाही, त्यानं ते उघडू नये, गाळू नये, जसंच्या तसं पुढं पाठवावं. लहान गावांची जुनी यंत्रं अडखळून बंद पडू नयेत, एवढाच तिचा विचार.

मागच्या रांगेतल्या माणसानं हात वर केला.

बैठक खुली असे. कुणीही यावं, बसावं. एरवी कुणी येत नसे. सकाळी सगळ्यांनी आपापलं नाव-गाव सांगितलं तेव्हा हा एवढंच म्हणाला होता, "डेल. ऐकायला आलोय." विमानं आदळून ते दोन मनोरे पडल्यानंतरची ही पहिली बैठक. त्याला गाव कुणी विचारलं नाही.

"एक शंका होती," डेल म्हणाला. "त्या सातव्यात मावतं किती?"

"हवं तेवढं," रुथवेन म्हणाला. "मर्यादा ठेवलेलीच नाही."

"आणि तो भरलेला आहे हे वाचनालयाला दिसतं?"

"कशाला दिसेल? उघडायचाच नाही ना. तीच तर गंमत आहे."

"मग भरतं कोण?"

"आम्ही. म्हणजे, ग्राहक सांगेल तसं." रुथवेन थांबला. "किंवा ज्याला अधिकार असेल तो."

"छान," डेल म्हणाला आणि पुन्हा ऐकत बसला.

व्हर्नानं फळ्याकडे पाहिलं.

कोण मागतंय: एल्मर
कुणाकडे: डुलुथ
कोणतं पुस्तक: विषं आणि त्यांवरचे उतारे
कोणत्या कार्डावर: होदान वार्समे
किती दिवसांसाठी: तीन आठवडे
मागितल्याची तारीख: येत्या सोमवारी
सातवा: वय एकोणीस सोमाली नर्सिंगला आहे म्हणते टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात रात्रपाळी भाऊ दोन एक कुठं असतो माहीत नाही याआधी काय वाचलं त्याआधी काय वाचलं घरी पैसे पाठवते कुणाला पाठवते

फळ्यावर यातलं काहीच नव्हतं. फळ्यावरचे रकाने कोरेच होते. पण गेल्या आठवड्यात होदान कार्डाच्या अर्जावर सही करता करता थांबली होती. "मी काय वाचते ते कुणाला कळतं, बाई?" व्हर्ना म्हणाली होती, "मला. आणि तू पुस्तक परत केलंस की नोंद पुसली जाते, मग मलासुद्धा नाही." होदान हसली आणि तिनं सही केली.

"एमेट, माझी हरकत आहे."

"शिक्का पडला, व्हर्ना."

"मग विषय परत उघड."

"राजी झालेल्यांपैकी आणखी एक उभा राहायला हवा. रीत तुला माहीत आहे." एमेट हे मऊपणानं म्हणाला आणि कागद गोळा करू लागला.

व्हर्नानं शेजारी पाहिलं. ओपल, आयोवाची ग्रंथपाल. पहिल्या बैठकीपासून दोघी एकाच खोलीत उतरत, घोरण्यावरून एकमेकींना टोमणे मारत.

"ओपल. ऊठ ना गं."

"माझं विमान आहे. वादळ येतंय म्हणतात."

"एक मिनिटाचं काम आहे."

ओपल खाली वाकली, जणू बूट बांधायला. तिच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

"या वर्षी मला उभं राहायला सांगू नकोस," ती पुटपुटली. "माझ्या वाचनालयात येऊन गेलेत."

"कोण?"

"सांगायला कायद्यानं बंदी आहे. येऊन गेलेत हेही मी तुला सांगितलेलं नाही."

खुर्च्या सरकल्या. रुथवेननं फळा पुसायला घेतला. आधी एक छायाचित्र काढलं. डेलनं दार उघडून धरलं आणि सगळ्यांना आधी जाऊ दिलं.

व्हर्ना जिन्याखालच्या फोनपाशी गेली. होदान झोपेतून उठली असावी. मागं कुणीतरी भांडी घासत होतं.

"होदान, मी वाचनालयातली व्हर्ना. ते डुलुथचं पुस्तक आहे ना, ते यंत्रावरून नको मागवायला. मी शनिवारी गाडीनं जाऊन आणते."

"अहो बाई, दोन-अडीच तासांचा रस्ता! आणि या बर्फात? मला घाई नाही."

"मला आहे."

भांड्यांचा आवाज थांबला.

"माझ्याबद्दल कुणी विचारलं का?"

"नाही," व्हर्ना म्हणाली. मग, त्या मुलीशी आजवर ती खोटं बोलली नव्हती म्हणून, म्हणाली, "अजून नाही."

 होदानचा आवाज इतका खाली गेला की व्हर्नाला रिसीव्हर कानाशी दाबून धरावा लागला.

"बाई, मग हे असं फोनवर बोललेलं चालतं का?"