ओरिजिनल

तीस वर्षांपूर्वी नागूबाईंची कॅसेट सोलापुरातल्या प्रत्येक रिक्षात वाजायची. यंदा जुळे सोलापुरातल्या जयंतीच्या कार्यक्रमाला गायचं बोलावणं आलं, तेव्हा थकलेल्या गळ्यानं त्यांनी महिनाभर रियाज केला. पण दुसऱ्याच ओळीला आवाज चिरकला आणि मागून ओरडा सुरू झाला, "ओरिजिनल लावा की!"

मंडळाच्या अध्यक्षानं, रत्नदीपनं, त्यांच्याच कॅसेटमधलं जुनं गाणं लावलं. लहानथोर बेभान होऊन नाचले. नागूबाई माईक धरून नुसते ओठ हलवत राहिल्या.

कार्यक्रम संपल्यावर रत्नदीप त्यांच्या पाया पडला. "आजी, अजूनबी लई भारी वाजतंय गाणं! पुढच्या वर्षीबी हेच ठेवणार."

नागूबाईंचा चेहरा खुलला.



"फकस्त तुमी यायचा तरास घेऊ नका. गाणं हाय की आमच्याकडं."